गोड्या पाण्यापर्यंत

प्रज्ञा, तुझ्या बॅनरचा मजकूर मीच टाईप केला. संग्रामपुरात फ्लेक्सचं दुकान माझं, आणि तुझे बाबा दुसरीकडे कुठे जाणार होते? पेनड्राइव्हमध्ये तुझा पुण्याचा फोटो होता, गॉगल डोक्यावर चढवलेला. वरती काय लिहू म्हणून विचारलं तर म्हणाले, जे लिहितात तेच लिहा. मग जे लिहितात ते लिहिलं. काळाने घाला घातला, आमची लाडकी, खाली शोकाकुल म्हणून सोयऱ्याधायऱ्यांची नावं. वर्षानुवर्षं हे शब्द मी एका फाईलमधून उचलून दुसरीत चिकटवतो, नाव आणि फोटो तेवढा बदलतो. या वेळी मजकूर स्क्रीनवर तयार होता आणि माझा हात पुढे जाईना. शेवटी तुझ्या बाबांनीच म्हटलं, भाऊ, दाबा आता. मग मी प्रिंटचं बटण दाबलं.

बॅनरवर जे नव्हतं ते इथे लिहितो. तू कितवी शिकलीस, कुठे नोकरीला होतीस, हे गावाला माहीत आहे आणि मला त्यात रस नाही. मला तुझ्याशी भांडायचं आहे. आपलं भांडण अर्धवट राहिलंय. काम अर्धवट टाकून उठून जाणारी माणसं मला दुकानातही चालत नाहीत, हे तुला माहीत होतं.

आपली डायलिसिसची बॅच सोमवार-गुरुवारची. पहाटे काळी-पिवळी जीप निघायची, आधी मी, मग भाजीवाले गजूभाऊ, मग ब्लाऊज शिवणाऱ्या रुखसानाबी, मग एक पाय साखरेनं गेलेले नामदेवबाबा, आणि शेवटी फाट्यावर तू. खामगावला पोचलं की काट्यावर वजन, मग सुया, मग चार तास मशीन. आपण सगळे एकाच पट्ट्यातली माणसं, लहानपणापासून बोअरचं खारं पाणी प्यालेली. डॉक्टर सरळ म्हणत नाहीत की पाण्यानंच किडन्या गेल्या. नाही असंही म्हणत नाहीत. आणि त्यावर वरताण म्हणजे आता तेही पाणी मोजून प्यायचं. दोन खेपांच्या मधे किती चोरून प्यालो ते काटा सांगतो आणि सिस्टर सगळ्यांसमोर बोलते.

तू आलीस तेव्हा पहिले काही दिवस कानात इअरफोनची बोंडं घालून भिंतीकडे तोंड करून पडायचीस. मला वाटलं, पुण्याहून आलीय, आपल्याशी कशाला बोलेल. मग एका गुरुवारी तू पर्समधून एक कापडी पिशवी काढलीस आणि चादरीवर फासे ओतलेस. चार बाजूंचे, आठ बाजूंचे, एक तर वीस बाजूंचा. रुखसानाबी तोबा तोबा करायला लागल्या. मीही म्हणालो, की दवाखान्यात जुगार नको, आधीच आपलं काय बरं चाललंय. तू पहिल्यांदा हसलीस ती तेव्हा.

तू समजावून सांगितलंस तो खेळ मला अजून कोणाला नीट समजावता येत नाही. एकजण सांगणारा असतो. तो म्हणतो, तुम्ही जंगलात आहात, पुढे पडका किल्ला आहे, आतून आवाज येतोय, बोला, काय करता? बाकीच्यांनी आपापलं एक काल्पनिक माणूस घ्यायचं, शूर म्हणा, जादूवाला म्हणा, आणि ते काय करेल हे तोंडानं सांगायचं. जमेल की नाही याची शंका असली की फासा टाकायचा. आकडा मोठा पडला तर जमलं. बस, एवढंच. गजूभाऊंनी विचारलं, जिंकतं कोण? तू म्हणालीस, कोणीच नाही, गोष्ट पुढे जाते. ते आम्हा चौघांनाही चाललं, कारण जिंकणं तसंही आमच्यापैकी कोणाच्या बेतात नव्हतं.

खेळाआधी मशीनवरची एक अख्खी खेप तयारीत जायची. तू त्याला मांडणी म्हणायचीस. जग कसं आहे, कोण कोण आहे, काय हवं आहे, हे सगळ्यांनी मिळून ठरवायचं. नकाशासाठी मी दुकानातून एक वाया गेलेला फ्लेक्स आणला. पुढच्या बाजूला कुठल्यातरी भाऊंचा वाढदिवस, मागची बाजू पांढरी. तो दोन सलाइनच्या स्टँडमधे अडकवला आणि तू डाव्या हातानं मार्करनं डोंगर काढलेस, कारण उजव्यात सुया होत्या. सिस्टर आधी चिडली. मग तिनंच फासे टाकायला स्टीलचा ट्रे आणून दिला, आणि गजूभाऊंचा चष्मा घरी राहिला की आकडाही वाचून द्यायला लागली.

आमची पात्रं तुला आठवतात ना? रुखसानाबींना जादू पाहिजे होती, आणि जोडीला वजीरपदही. नामदेवबाबांनी तिरंदाज घेतला, पण तिरंदाजीचं त्यांना काही नव्हतं. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, की त्याला दोन्ही पाय असतात का. गजूभाऊ म्हणाले, मी भाजी विकतो. तू म्हणालीस, अहो हे काल्पनिक जग आहे, काहीही होता येतं. ते म्हणाले, हो, मग तिथे मी भाजी विकतो. आणि माझ्याकडे बघून तू माझं परस्पर ठरवूनच टाकलंस.

"तुम्ही चोर व्हा, भाऊ. तुमचा चेहरा तसाच हाय."

मग तू विचारलंस, प्रवासाला निघताना बरोबर काय घ्याल? तलवार, दोर, मशाल, जे हवं ते सांगा. आम्ही चौघांनी एकच गोष्ट सांगितली. पाण्याची मशक.

त्या वेळी तुला ते कळलं नाही. कळलं पहिल्या नदीवर. तू रंगात येऊन सांगत होतीस, की पलीकडच्या काठावर राक्षस उभा आहे, त्याच्या हातात गदा आहे, आणि गजूभाऊ शांतपणे म्हणाले, पाणी कसं हाय? तू म्हणालीस, कसलं पाणी? ते म्हणाले, नदीचं. गोडं हाय का खारं? तू म्हणालीस, गोडं, थंडगार. झालं. गजूभाऊ गुडघ्यावर बसून ओंजळीनं प्यायले. नामदेवबाबा दोन्ही पाय पाण्यात सोडून बसले. मी मशक भरली, रिकामी केली, पुन्हा भरली. तो राक्षस बिचारा पलीकडे ताटकळत उभा. तू वैतागून म्हणालीस, की तो आता पाण्यात उतरलाय, तुमच्या अंगावर येतोय.

"पहले पानी," रुखसानाबी डोळे मिटूनच म्हणाल्या. "उसको बोलो, जरा ठहर."

तुझ्या पुण्याच्या मित्रांबरोबर असं कधी झालं नसणार. तू मोबाईलवरच्या पुस्तकातला नियम वाचून दाखवलास, की प्रवासात पाणी मोजून प्यायचं असतं, संपलं तर माणूस थकतो, आकड्यातून वजा होतं. मशीनचा तेवढा आवाज येत होता. तू मोबाईल खाली ठेवलास आणि तो नियम काढून टाकलास. या जगात पाहिजे तेवढं प्या, म्हणालीस.

त्यानंतर आमची मोहीम अशी चालली की सांगायची सोय नाही. चोरीला गेलेली घंटा शोधायची होती. आम्ही विहिरी शोधत होतो. प्रत्येक गावात पहिला प्रश्न पाण्याचा, प्रत्येक ओढ्याला मुक्काम. रुखसानाबींनी कितीतरी जादू शिकायच्या सोडून पाण्यात सब्जा तयार करायची जादू मागितली आणि तू ती दिलीस. बोलता बोलता माझ्या घशाची कोरड खरोखर कमी व्हायची. डॉक्टर हसतील, हसू देत. चार तास छताकडे बघत काढायचे होते ते मी नदीकाठी काढले, हे तुझे उपकार आहेत आणि ते मी तोंडावर कधी बोललो नाही. तू बोलू दिलंही नसतंस, काहीतरी टोमणा मारला असतास.

एकदा गाडीत तू सांगितलं होतंस, की पुण्याच्या खोलीत तू एकदाच सांगणारी झालीस. तुझा राजा बोलायला लागला आणि त्याच्या तोंडून 'मले' निघालं. सगळे इतके हसले की पुढे तू मुके योद्धेच घ्यायला लागलीस. आमच्यात तुझे राजे, राक्षस, उडते अजगर, सगळे वऱ्हाडी बोलायचे. अजगर गुहेतून डोकं काढून विचारायचा, काऊन आले बे इकडे? त्यावर गजूभाऊ त्याला भरताची वांगी देऊ करायचे. मी आयुष्यात इतका हसलो नव्हतो, आणि हसताना सुईचा हात हलला म्हणून सिस्टरची बोलणी खाल्ली.

मग नामदेवबाबा गेले. गुरुवारी होते, सोमवारी नव्हते. आपल्याकडे हे असंच कळतं, गाडीतली एक जागा रिकामी राहते. मला वाटलं त्या दिवशी खेळ होणार नाही. तू फासे काढलेस. म्हणालीस, वाटेत एक धर्मशाळा लागली आहे, अंगणात विहीर आहे, बारमाही गोडं पाणी. आपला तिरंदाज म्हणतो, मी इथेच राहतो, तुम्ही व्हा पुढे. मी तेव्हा तुझ्यावर भडकलो. माणूस मेला तर मेला म्हणायला काय होतं? रुखसानाबींनी ब्लाऊजचं एक बटण काढून दिलं आणि तू ते नकाशावरच्या त्या विहिरीपाशी चिकटवलंस. तेव्हापासून आमच्यात मेला कोणी म्हणत नाही. मुक्कामी राहिला म्हणतात, आणि मुक्काम नेहमी पाण्यापाशी असतो. माझा राग पुढे कधी गेला ते मला आठवत नाही. त्या विहिरीवरून परतीची वाट काढली तेव्हा बाबांची चौकशी मीच केली होती.

घंटा सापडली आणि मोहीम संपली. नवीन मांडणी करायची होती. आणि इथून आपलं वाजलं.

तू म्हणालीस, या वेळी जग खारं करायचं. सगळ्या विहिरी एका रात्रीत खाऱ्या झाल्या आहेत, माणसं झिजत चालली आहेत, आणि हे कोणी केलं ते शोधून काढायचं. मी ताडकन म्हणालो, मुळीच नाही. घरी खारं, शेजारी खारं, शेतात खारं, इथे मशीनला टांगून घ्यायचं तेही त्याच्यापायी, आणि वरून खेळातही खारं? या माणसांना आठवड्यातून दोनदा पोटभर पाणी मिळतं ते तेवढंच. ते तू काढून घेणार? तू म्हणालीस, गोडं पाणी पिऊन पिऊन आपण काय केलं, भाऊ? मी म्हणालो, काय करायचं होतं? आणि खारं केलं कोणी हे तू शोधायला लावशील, शेवटी कोणीतरी चेटूक करणारा काढशील, त्याला मारू, पाणी गोडं होईल. मग गाडीत बसून घरी जाऊ आणि हंड्यात पाहू. तिथे कोणाला मारायचं? तिथे कोणी चेटकीण नाही, कोणी एक माणूस नाही.

तू चादरीवरचे फासे गोळा करायला लागलीस. मला वाटलं, जिंकलो.

"म्हनूनच पाह्यजे," तू म्हणालीस. "खेळात तरी कोनाची कॉलर हाती येऊ द्या, भाऊ. मी अजून कोनावर चिडलीच नाई."

मला पटलं नाही. अजून पटलेलं नाही. मी माफीबिफी मागत नाहीये, नीट ऐक. थकलेल्या माणसाच्या तोंडचं पाणी काढून घेऊ नये, हे माझं म्हणणं आजही तेच आहे.

त्यात तू आणखी एक काढलंस. या वेळी मी सांगणारा व्हायचं आणि तू खेळायचं. सांगून सांगून दम लागतो, म्हणालीस. ते मलाही दिसत होतं. वाक्याच्या मधे थांबायला लागली होतीस, आणि पायावरची सूज मोज्यातून वर आली होती. तू तुझं पात्रही सांगून टाकलंस. पाणाडी. जमिनीवर अनवाणी चालून खाली पाणी कुठे आहे ते सांगणारी पोरगी. गजूभाऊंनी नाव विचारलं तर म्हणालीस, नाव ठरवते, घाई काय आहे. मी म्हणालो, मी सांगणारा होतो, पण पाणी गोडं राहील. तू म्हणालीस, मी खेळते, पण पाणी खारं राहील. गजूभाऊ आणि रुखसानाबी एकदा माझ्याकडे, एकदा तुझ्याकडे बघत होते. गाडीत आपण दोघं घुश्शात, तू एका खिडकीला, मी दुसऱ्या. फाट्यावर उतरताना तू फाशांची पिशवी माझ्या मांडीवर टाकलीस. सोमवारी पाहू, म्हणालीस. मी मान हलवली. ती हो म्हणून होती की नाही म्हणून, ते मलाही माहीत नाही.

सोमवारी फाट्यावर ड्रायव्हरनं हॉर्न दिला. पुन्हा दिला. तू उशीर करणारी नव्हतीस. रस्त्यानं तुझे बाबा येताना दिसले, पायात चपला नव्हत्या. त्यांनी खिडकीवर हात ठेवला आणि आम्हा तिघांकडे पाहिलं. काय झालं ते त्यांना सांगावं लागलं नाही. रुखसानाबींनी दार उघडायला हात घातला तर त्यांनीच बाहेरून ते धरून ठेवलं.

"तुम्ही जा," ते म्हणाले. "मशीनचा टाइम चुकवू नका. थे चुकवत नव्हती."

आणि आम्ही गेलो, प्रज्ञा. काय करणार होतो? वजनं वाढलेली, श्वास वर लागलेला. तुझी अंत्ययात्रा निघाली तेव्हा आम्ही तिघं सुया लावून पडलो होतो. आपल्यातल्या माणसाला आपल्यातलं कोणी पोचवायला जाऊ शकत नाही, असलं हे घाणेरडं दुखणं आहे. तुझ्या मशीनवर दुसऱ्या बाईला घेतलं होतं. मंदाताई, अंगणवाडीत मदतनीस, पहिलीच वेळ, थंडी भरून दातावर दात आपटत होते. मला तिचा राग आला. चादर बदललेली होती, तरी मला वाटत होतं की हिनं उठावं. परत येताना गाडी तुझ्या फाट्यावरून गेली तेव्हा मांडव दिसला. उतरायचं त्राण कोणातच नव्हतं.

पुढचे काही दिवस मी पिशवी दुकानाच्या ड्रॉवरमध्ये ठेवली आणि उघडली नाही. गजूभाऊंनी एकदा मांडणीचं विचारलं, मी म्हणालो, संपलं ते. पुण्यानुमोदनाला मी आलो होतो, शेवटच्या रांगेत बसलो. तुझ्याविषयी सगळे बोलले, शिक्षक बोलले, खेळाविषयी कोणी बोललं नाही. कसं बोलणार, कोणाला माहीतच नव्हतं.

मग एका रविवारी पिशवी परत द्यायला तुमच्या घरी गेलो. तुझा बॅनर चौकातून काढून आणलेला होता. बाबांनी तो न्हाणीघराच्या टिनावर अंथरून कडेनं विटा ठेवल्या होत्या, फोटो वरच्या बाजूला. मला आधी कसंतरी झालं. मग म्हटलं, गवंडी माणूस आहे, गळकी जागा उघडी ठेवणार नाही. त्यांनी मला पाणी दिलं. अर्धा ग्लास. विचारून नाही, ठरवून नाही. तुझ्या घरात आता आलेल्या कोणालाही ते अर्धाच ग्लास भरतात, हाताला तेच वळण पडलं आहे. मी तो हातात धरून बसलो. पिशवी पुढे केली तर त्यांनी ती घेतली नाही.

"ठेवा तुमच्यापाशीच. थे मले सांगून राह्यली होती, का भाऊ सोमवारी हो म्हनतीन."

मी पाणी प्यालो. कॅनचं होतं, गोडं होतं. रस्त्यावर आल्यावर गाडीला किक मारता येईना, म्हणून थोडा वेळ तसाच उभा राहून रडलो. तू माझं उत्तर मला न विचारता घरी सांगून बसली होतीस. हा आगाऊपणा आहे. आणि त्यावर आता भांडायचीही सोय ठेवली नाहीस.

गेल्या सोमवारी मांडणी केली. नवा फ्लेक्स, मागची पांढरी बाजू, त्याच दोन स्टँडमधे. सांगणारा मी. मंदाताईला आम्ही घेतलं. ती घाबरून म्हणाली, मले काय येते? गजूभाऊ म्हणाले, काही यायला नको. ते स्वतः या वेळीही भाजी विकतात. मंदाताईनं बरोबर न्यायला पाण्याची मशक मागितली, अगदी पहिल्या दमात, कोणी न शिकवता. आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मी तिला सांगितलं, की या जगात सगळ्या विहिरी खाऱ्या झाल्या आहेत. कोणी केल्या ते शोधायचं आहे. मला वाटलं, रुखसानाबी तरी भांडतील. त्या फक्त म्हणाल्या, अच्छा.

गावाच्या तोंडाशी पहिली विहीर काढली. आता तुझ्या पाणाडीचं करायचं होतं. रीत तूच घालून दिलेली, माणूस नसला की त्याचं पात्र मुक्कामी ठेवायचं, पाण्यापाशी. रुखसानाबींनी बटण आणलं होतं, निळं. मी ते त्या विहिरीपाशी चिकटवायला गेलो. मंदाताईनं विचारलं, हे कोन? मी सांगितलं, तू जिथे झोपली आहेस त्या खाटेवरची. ती येत नाही पुढे. ती इथे मुक्कामी राहते.

तिनं तुला पाहिलेलंसुद्धा नाही, प्रज्ञा. ती नकाशाकडे बघत होती.

"खाऱ्या विहिरीवर काऊन ठेवता तिले? थे पिईन काय?"

माझा हात तसाच राहिला. याचा विचारच मी केला नव्हता. तूही केला नव्हतास. तुझ्या जगात पाणीच नव्हतं, मग तुला ठेवायचं कुठे? गजूभाऊंनी मोकळा हात लांब करून माझ्याकडून बटण मागितलं आणि नकाशावरच्या स्वतःच्या भाजीच्या गाडीपुढे लावलं. गोडं पाणी लागंपर्यंत संगच घ्या, म्हणाले. मग आम्ही विहिरीवरून पुढे निघालो, पहिल्यांदाच, कोणी ओंजळ न भरता. रुखसानाबींनी फासा टाकला, आकडा लहान पडला, वाट चुकली. चुकू दे म्हणाल्या.

तर तुझंच झालं. पाणी खारं आहे, सांगणारा मी आहे, आणि तू खेळात आहेस. तुझ्या पाणाडीचं नाव अजून कोणी ठेवलेलं नाही. मी ठेवू दिलं नाही, ते तुझं काम होतं.

पण एक गोष्ट मी घरी येऊन पडलो तेव्हा लक्षात आली. कुठली विहीर गोडी निघणार, हे आता माझ्या हातात आहे. जिच्यासाठी मी तुझ्याशी भांडलो ती विहीर मी कधीही काढू शकतो, पुढच्या वळणावर, बारमाही, थंडगार. मंदाताई पिईल, गजूभाऊ गुडघ्यावर बसतील. आणि रीतीप्रमाणे बटण गाडीवरून काढून तिथे लावावं लागेल, आणि आम्हाला तुला तिथे सोडून पुढे निघावं लागेल. रुखसानाबींना माझ्याआधी कळलं असावं. गाडीतून उतरताना त्यांनी मला हळूच विचारलं, सगळे कुएं खारेच निघणार ना, भाई? मग स्वतःच उत्तर दिलं. निकलने दो, त्या म्हणाल्या, अपनी आदत है.

गुरुवारी दुसरं गाव लागेल. त्याच्या चौकात मी मोठी दगडी विहीर काढून ठेवली आहे. मंदाताई वाकून पाहील, पोहरा सोडेल आणि चव विचारेल. तिला मी सांगणार आहे, की खारी आहे.